झरोक्यापलीकडची खुर्ची

— अहो, नाही, त्या खुर्चीवर नको. हो, तीच म्हणतेय मी, भिंतीपलीकडची, राखाडी कोट टांगलाय ती. तिथे नका बसू, इकडे या, माझ्यासमोरच्या या बाकावर बसा. ती बेरिलची खुर्ची आहे. बेरिल ना, दूध आणायला गेलीय, येईलच एवढ्यात. छत्री त्या बादलीत ठेवा, आणि पाय जपून टाका, फरशी खालीवर आहे — आम्ही नाही केली तशी, खाली जे झोपलेत त्यांनी केलीय, पाचसहाशे वर्षं कुशी बदलताहेत बिचारे. दिवा? दिवा कुठला, वीजच नाहीये इथे. कधी नव्हतीच. मेणबत्त्या आहेत, पण त्या मी चारनंतर लावते, तोवर खिडकीतून येतो तेवढा उजेड पुरतो माणसाला. बसा. गुडघ्यावर ती गोधडी घ्या, दिसायला कशीही असली तरी ऊब देते.

तुम्ही काल आला होतात. परवाही. मी बघते हं सगळं, म्हातारी झाले म्हणून डोळे गेले नाहीत माझे. इथे कोणी दोनदा येत नाही, म्हणून म्हटलं. एकदा येतात, तेही चुकून — मिठाईचं दुकान आणि पबच्या मधलं ते फाटक बघून त्यांना वाटतं आत स्वच्छतागृह असेल. आत येऊन तोंडं पाडतात. मी सांगते, बाबांनो, स्वच्छतागृह नाही, संत ऑस्विनचं चर्च आहे, आता आलाच आहात तर बघून जा. काही बघतात, बरेचसे पळतात. सगळ्या यॉर्कला ते मोठं चर्च, मिन्स्टर, तेवढं माहीत. छपरांवरून त्याचे मनोरे दिसले की माना वर करून निघाले तिकडे, तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, गर्दीत एकमेकांचे पाय तुडवायचे. तुडवा म्हणावं. आमचं हे कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही म्हणून तर राहिलं. राजाची माणसं आली, मूर्ती फोडणारे आले, खिडक्या फोडणारे आले, वरून बाँब टाकणारेही येऊन गेले — सगळे मोठ्या रस्त्याने गेले. ही बघा खिडकी. तो कोपऱ्यातला निळ्या झग्यातला संत, त्याचं नाक काचेच्या जोडावर आल्यामुळे वाकडं झालंय, तो तेव्हापासून तसाच बसलाय. झाकली मूठ म्हणतात ना, तशातली गत. आणि आता इतक्या वर्षांनी हे कुलूप लावणार म्हणे. कोण? क्लाइव्ह. क्लाइव्ह लावणार.

क्लाइव्ह म्हणजे संस्थेचा माणूस. संस्था ही असली जुनी चर्चेस सांभाळते, आणि क्लाइव्ह संस्थेला सांभाळतो, असं त्याला वाटतं. तसा वाईट नाही, मुलायम बोलतो, प्रत्येक वाक्याआधी माफी मागतो. "माफ करा हं एनिड, पण नियम म्हणजे नियम." नियम काय, तर चर्च उघडं ठेवायचं असेल तर आत आपली दोन माणसं हवीत. एकट्याने बसायचं नाही. मागे कोणीतरी पितळी मेणबत्तीदाण्या पळवल्या, त्यानंतर निघालं हे. मला सांगा, चोर काय आम्हां दोन म्हाताऱ्या बघून घाबरणार आहे? पण नियम. दर आठवड्याला फोन करतो. "एनिड, दोघी आहात ना?" मी म्हणते, आहोत. "बेरिल बरी आहे?" आहे की. "जरा देता का फोन तिला?" ती वर मनोऱ्यात गेलीय कबुतरं हाकलायला. ती दूध आणायला गेलीय. ती व्हिटबीला बहिणीकडे गेलीय, समुद्राची हवा खायला, दोन दिवसांत येते. आणि आज सकाळी म्हणतो, "दुपारी मीच येतो तिकडे, बेरिललाही बऱ्याच दिवसांत भेटलो नाही." दुसरं माणूस दिसलं नाही तर किल्ली घेऊन जाणार. मग फाटकाला कुलूप, आणि कोणाला बघायचंच असेल तर आधी पत्र लिहून परवानगी मागायची. परवानगी मागून कोण येणार इथे? माणूस पावसातून इथे शिरतो तो काही अर्ज लिहून नाही शिरत. तुम्ही लिहिला होतात? नाही ना. मग.

दूध? हो, म्हणाले मी, दूध आणायला गेलीय. — असं बघू नका माझ्याकडे. तीन दिवस येताय, तीन दिवसांत तुम्हाला ती दिसली नाही, हे कळतं मला. कोटावरची धूळही दिसली असेल तुम्हाला, उजेड नसला तरी. बरं, नाही गेली दूध आणायला. बेरिल फेब्रुवारीत वारली. झालं समाधान? हे क्लाइव्हला सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मैत्रीण गेली म्हणून म्हातारी अशी वागते. मैत्रीण कसली डोंबलाची. विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं आमचं. आम्ही बोलत नसू. अबोला. किती वर्षं? मोजली नाहीत, पण अबोला धरला तेव्हा माझे केस काळे होते. रोज सकाळी दोघी यायच्या, मी फाटक उघडायची, ती हे आतलं दार, ती तिच्या खुर्चीत पलीकडे आणि मी इथे, संध्याकाळपर्यंत तोंड शिवलेलं. आलेल्या माणसाशी दोघी बोलायचो, भरपूर बोलायचो, तीही बोलायची, मी तिच्यापेक्षा जास्त, पण एकमेकींशी एक शब्द नाही. भांडण कशावरून? सांगितलं तर हसाल. हसा खुशाल. या बाकांवरून. हे कप्पे बघताय ना, प्रत्येक बाकाला चारी बाजूंनी लाकडी भिंत आणि छोटं दार, खटका असलेलं — पूर्वी एकेका घराचा एकेक कप्पा असायचा, आत शिरलं की दार लावून घ्यायचं, म्हणजे वाराही लागत नाही आणि शेजाऱ्याचं तोंडही दिसत नाही. माझं म्हणणं, दारं लावलेली हवीत. ती बनवलीच लावण्यासाठी. सुतार काय वेडा होता खटके बसवायला? आणि बेरिलचं म्हणणं, उघडी ठेवा, बंद दार बघून लोकांना वाटतं आत बसायचं नाही, ते उभ्याउभ्या निघून जातात. मी म्हटलं, ज्याला बसायचंय तो खटका काढेल. ती म्हणाली, ज्याला खरंच बसायची गरज आहे तो खटक्याला हात लावत नाही. हे शेवटचं बोलणं आमचं. त्यानंतर ती सकाळी सगळी दारं उघडायची, मी मागोमाग जाऊन लावायची, दुपारी पुन्हा उघडी, पुन्हा मी लावायची. आणि माफी कोणी मागायची? तिने मागायला हवी होती. मी वाट बघत होते. मला वाटतं तीही बघत होती. आम्हां इंग्रज लोकांचं असं असतं — तुम्ही आधी, नाही नाही तुम्ही आधी, असं करत दोघंही दारात उभे, आणि पाऊस आत येतोय. माझंच बरोबर होतं, ते अजूनही म्हणते मी. दारं लावलेलीच हवीत.

आज उघडी आहेत, हो. दिसतंय मला. सकाळी मी उघडते. संध्याकाळी लावते. तिचं काम कोणी करायचं नाही का?

तर ती पलीकडे का बसायची हे सांगत होते. अबोला धरला तशी खुर्ची उचलून गेली तिकडे, छोट्या वेदीजवळ. मला वाटलं, बरं झालं. पण गंमत बघा — तुम्ही इथून बघा, वाकू नका, असेच बसून बघा — भिंतीत तो तिरका झरोका आहे ना, झरोका कसला, साधं भोक, तिथून थेट तिची खुर्ची दिसते. पूर्वी दोन पाद्री एकाच वेळी प्रार्थना म्हणायचे, इकडे मोठ्या वेदीवर एक आणि पलीकडे छोट्या वेदीवर एक. पलीकडच्याने पुढे जायचं नाही, इकडच्याने प्रसादाची भाकर उचलली की मग त्याने उचलायची. म्हणून ते भोक पाडलं. बस, एवढंच काम त्याचं — दुसरा कुठवर आलाय ते बघायचं आणि थांबायचं. तर अबोल्यापायी पळून पळून ती बसली कुठे, तर बरोब्बर त्या भोकासमोर. आणि मी? मला इथेच बसायला हवं, दारावर लक्ष ठेवायचं असतं. खुर्ची मी हलवली नाही. का हलवायची? मी आधीपासून इथे होते.

सकाळी मी येऊन बसले की भोकाच्या काठावर चहाचा पेला ठेवलेला असायचा. तिच्या थर्मासमधला. दूध जरा जास्त, मला आवडतं तसं. मी पेला घ्यायची आणि तिथे आल्याची दोन बिस्किटं ठेवायची. बोलायचं नाही, बघायचंही नाही. पेला गेला, बिस्किटं आली, काम झालं. एवढ्या वर्षांत एक दिवस चुकला नाही, ती तापाने फणफणली होती त्या दिवशीसुद्धा नाही. आणि मग फेब्रुवारीत एका सकाळी पेला नाही. मी बसले. म्हटलं, उशीर झाला असेल, बर्फ आहे रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी नाही. विचारू कोणाला? कोणत्या तोंडाने विचारू, की जिच्याशी मी बोलत नाही ती कुठेय? तिसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप घालून तिच्या घरी गेले, बिशपहिलच्या चढावर. दार तिच्या भाच्याने उघडलं, हातात खोकं, घर रिकामं करत होता. मला बघून म्हणतो, "तुम्ही एनिड का? मावशी सारखं तुमचंच सांगायची." मी म्हटलं, माझं? काय सांगायची? तर म्हणतो, "रोजचं. एनिड म्हणाली आज थंडी हाडात शिरलीय. एनिड म्हणाली त्या अमेरिकन बाईच्या टोपीवर अख्खा कोंबडा बसलाय. एनिड म्हणते क्लाइव्ह बोलायला लागला की घड्याळ उलटं फिरतं." मी त्या दारात उभी. अहो, मी तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मला वाटलं बाई भ्रमिष्ट झाली होती शेवटी, मनाने गोष्टी रचायची. भाच्याने थर्मास दिला हातात, म्हणाला, तुम्हीच ठेवा हा. आणि तो कोट.

हाच तो थर्मास. तुमचा चहा यातलाच आहे. प्या, गार होतोय.

घरी जाताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. मी एकटीच पुटपुटते, माझी सवय आहे ती, आई रागवायची त्यावरून. दिवसभर बसून असते मी इथे, कोण आलं कोण गेलं, तोंड हलतंच माझं, आवाज नसतो. आणि आम्ही दोघी कुठे भेटलो होतो माहितेय? चॉकलेटच्या कारखान्यात. सरकत्या पट्ट्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या, चॉकलेटं खोक्यांत भरायच्या. यंत्रांचा असा खडखडाट की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. मग पोरी काय करायच्या? ओठ वाचायला शिकायच्या. सगळ्या शिकायच्या. मुकादमाची नक्कल, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, सगळं ओठांवरून. बेरिल पटाईत होती त्यात. तर ती बसायची त्या भोकासमोर आणि मी इथे खिडकीच्या उजेडात, तोंड हलवत. वाचायची ती. इतकी वर्षं माझं सगळं वाचत होती आणि घरी जाऊन भाच्याला फोनवर सांगत होती, एनिड म्हणाली, एनिड म्हणाली. क्लाइव्हबद्दल जे बोलले तेही. तिच्याबद्दल काय काय बोलले असेन ते देवाला ठाऊक. आणि तरी सकाळी पेला ठेवायची.

मी का नाही वाचले तिचे ओठ? चांगलं विचारलंत. तुम्ही जाऊन बघा, तिकडची खिडकी तिच्या पाठीशी आहे. मला नुसतं डोकं दिसायचं, उजेडासमोर काळं. तोंड हलत होतं की नव्हतं, मला काय कळणार. हेच. हेच खातं मला, दुसरं काही नाही. ती जर बोलत असेल — इतकी वर्षं समोरून बोलत असेल, आणि मला दिसलंच नसेल. राग येतो मला. तिचाही येतो. एवढी शहाणी होती तर खुर्ची फिरवायची होती, उजेडाकडे तोंड करायचं होतं. एवढं काय जड होतं.

नाही, मी रडत नाहीये. मेणाचा धूर आहे. — हो, लावल्या नाहीत अजून, माहितेय. कालचा धूर.

दुसरं माणूस का शोधलं नाही? शोधलं की. संस्थेला सांगितलं, तिसरं माणूस मदतीला असू दे, बेरिलला हल्ली दम लागतो. त्यांनी पाठवली माणसं. आधी ती फिलिपा. चांगल्या घरची, रेशमी रुमाल, आल्या आल्या त्या खुर्चीवरचा कोट उचलून म्हणते, हा जुना कोट बाहेर टाकू या का? मी म्हटलं, तुम्हीच जा बाहेर. गेली. मग रॉजर, निवृत्त मास्तर, येणाऱ्या प्रत्येकाला खांबाखांबापाशी उभं करून शिकवायचा, माणसं दमून जायची. तो त्या खुर्चीत बसला आणि पायावर पाय टाकून हलवायला लागला. भोकातून मला नुसता बूट दिसायचा, वरखाली, वरखाली. तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी सांगितलं, इथे हाडं दुखतील तुमची, मिन्स्टरमध्ये जा, तिथे गरम करायची सोय आहे. आणखीही एकदोन आले. सगळ्यांना मीच घालवलं. हो, मीच. म्हणजे कुलूप क्लाइव्ह लावतोय खरा, पण — कळलं मला काय म्हणायचंय तुम्हाला, तोंडाने बोलला नाहीत तरी कळलं. चेहऱ्यावर उजेड आहे तुमच्या. कळून मी काय करू? त्या खुर्चीत येईल त्याला बसू देऊ? आठशे वर्षं उभी राहिलेली इमारत माझ्या हट्टापायी बंद पडली असं उद्या लोक म्हणतील. म्हणोत. लोकांना ती आहे हेच माहीत नव्हतं.

तुम्ही काही बोला ना. मीच बोलतेय केव्हाची. कुठे राहता? बेकरीच्या वर? त्या लहानशा खोल्यांत? एकटेच. हं. आधी एकटे नव्हता, असं दिसतंय, बाही उसवलीय आणि कोणी शिवलेली नाही. मी विचारणार नाही. इथे कोणी काही विचारत नाही, म्हणूनच येता ना? बेरिल म्हणायची तेच. ज्याला बसायची गरज असते तो खटक्याला हात लावत नाही. काल तुम्ही आलात तेव्हा बघितलं मी. मधली दारं लावायची राहिली — नाही, उघडी होती — तर तुम्ही उघड्या कप्प्यात जाऊन बसलात, आणि शेजारचा उघडायचा राहिला होता त्याकडे बघितलंही नाहीत. मी बघितलं ते. आणि तोंड वाकडं केलं. कारण ती जिंकली.

— थांबा. फाटक वाजलं. ते करकरणं ऐकलंत? पर्यटक फाटक लोटतात, ते आपटतं. हळूच उघडून पुन्हा हळूच लावून घेणारा एकच माणूस आहे. क्लाइव्ह. बाहेर कबरींशी थांबून बूट पुसेल आधी, त्याशिवाय आत येणार नाही.

उठा. हो, तुम्हीच. पेला घ्या हातात, जा तिकडे, त्या खुर्चीत बसा. मी सांगतेय ना, बसा. कोट? कोट काढा — नाही, असू द्या, खांद्यावर घ्या, तिकडे गारठा असतो. दूध जास्त लागतं का तुम्हाला चहात? असू दे, उद्या बघू. उद्या येणार आहात ना? तीन दिवस येताय, चौथा कुठे जड होतोय. काही करायचं नाही, नुसतं बसायचं, डोकं दिसलं पाहिजे मला. पाय हलवायचे नाहीत. मी इकडे काही पुटपुटले तर लक्ष देऊ नका — नाही, द्या. द्या लक्ष. आणि ऐका, खुर्ची जरा फिरवा खिडकीकडे. अजून. हां, आता तोंड दिसतंय.

ये क्लाइव्ह, ये. केवढा भिजलायस. माफी कसली मागतोस, पाऊस काय तू पाडलास? हो, दोघं आहोत. बघ की भोकातून. नाही, ती बेरिल नाही. बेरिल गेली. फेब्रुवारीत. हो, खोटं बोलले तुझ्याशी, दर आठवड्याला बोलले, आणि तुझ्या नियमात बसत असेल तर पुढेही बोलेन. आता दुसरं माणूस आहे, डोकं दिसतंय ना तुला? मग किल्ली माझ्याकडेच राहील. नाव त्यांनाच विचार, मी विचारलेलं नाही. — आणि क्लाइव्ह, ते काय करतोयस, कप्प्याच्या त्या दारावरचा हात काढ आधी. लावू नकोस ते. आमच्याकडे उघडीच असतात.